बर्लिनमध्ये ओळखी, मैत्री आणि डेटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीसाठी किंवा शिकायला बर्लिनला आलेल्या आणि येऊ घातलेल्या मराठी मंडळींचे हे नेहमीचे प्रश्न आहेत. सुरुवातीला साध्या ओळखीपाळखी, मग डेटिंग आणि शेवटी लग्नाची कागदपत्रं, असा क्रम ठेवला आहे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नवीनच आलोय, ओळखीचं कुणी नाही. सुरुवात कुठून करू?

दर आठवड्याला, ठरल्या वारी, त्याच माणसांबरोबर होणारी एखादी गोष्ट पकडा. मोठ्या मीट-अपला एका संध्याकाळी पन्नास जण भेटतात, पण पुढच्या वेळी त्यांतलं एकही तोंड दिसत नाही. वर्षभर असं फिरूनही फोनमध्ये फक्त नंबर साठतात.

सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा मार्ग म्हणजे फोल्क्सहोखशूल, म्हणजे सरकारी लोकशिक्षण केंद्र. बर्लिनच्या बाराही जिल्ह्यांत ते आहे. तिथे जर्मनचे वर्ग असतात, तसे शिवणकामाचे, मातीकामाचे, स्वयंपाकाचे आणि नाचाचेही असतात. दुसरा मार्ग फेराइन, म्हणजे नोंदणीकृत मंडळ. फुटबॉलपासून गायनवृंदापर्यंत आणि बुद्धिबळापासून होडी वल्हवण्यापर्यंत सगळ्याची मंडळं आहेत. पहिली एक-दोन सत्रं बहुतेक ठिकाणी फुकट करून बघता येतात. सही करण्याआधी एकच गोष्ट नीट वाचा: सदस्यत्व कधी सोडता येतं. पुष्कळ मंडळांत तिमाहीच्या किंवा वर्षाच्या अखेरीसच सोडता येतं आणि तेही आधी लेखी कळवून. नुसतं जाणं बंद केलं तर वर्गणी खात्यातून कापली जातच राहते.

मंडळात नुसता खेळ खेळून निघून जाऊ नका. सामन्यानंतर खुर्च्या उचलणं, वार्षिक मेळाव्याला केक करून नेणं, या कामांत हात घातला की दोन महिन्यांत लोक नावाने हाक मारतात.

२. जर्मन येत नाही. इंग्रजीवर भागेल का?

मिटे, क्रॉइत्सबर्ग, नॉयकोल्न, प्रेन्त्सलाउअर बेर्ग या भागांत डेटिंग आणि पार्ट्या इंग्रजीवर आरामात चालतात. अडतं ते टेबलावर सहा जर्मन आणि एकटे तुम्ही असता तेव्हा. पहिली दहा मिनिटं सगळे इंग्रजी बोलतात, मग विनोद सुरू झाले की आपोआप जर्मनवर घसरतात. त्यात मुद्दाम टाळण्याचा भाग नसतो. ए-टू पातळीची (युरोपीय मोजपट्टीवर ए-वन ही सगळ्यात खालची, ए-टू तिच्या वरची) भाषा आली की निदान विषय कळतो आणि मधे प्रश्न विचारता येतो, म्हणून तेवढी तरी पहिल्या वर्षात करा. सार्वजनिक वाचनालयांत 'श्प्राखकॅफे' नावाचे गप्पांचे वर्ग फुकट चालतात. टँडेम जोडीदार, म्हणजे एकमेकांना आपापली भाषा शिकवणारा सोबती, मिळाला तर अर्धा तास जर्मन आणि अर्धा तास तुमची भाषा, असं घड्याळ लावून बोला. नाहीतर सगळा वेळ इंग्रजीतच जातो.

३. ऑफिसातले जर्मन सहकारी इतके छान बोलतात, पण घरी कधीच का बोलवत नाहीत?

कारण ऑफिस आणि घर हे दोन वेगळे कप्पे आहेत, आणि पहिल्यातून दुसऱ्यात यायला वेळ लागतो. वाट बघत बसण्यापेक्षा आमंत्रण तुम्हीच द्या. 'या एकदा घरी' हे आपल्याकडे प्रेमाने म्हटलं जातं. इथे समोरचा एक तर लगेच कॅलेंडर उघडतो, नाहीतर त्याला ते नुसतं सौजन्य वाटतं. तारीख दोन-तीन आठवडे पुढची द्या. सुरू व्हायची वेळ सांगा, जेवण आहे की नुसती कॉफी ते सांगा, आणखी कोण येणार तेही सांगा. 'शनिवार १४ तारखेला सात वाजता, जेवायला, आम्ही सहा जण' एवढं पुरेसं आहे. तुम्ही ऐन वेळी बोलावलंत आणि कुणी आलं नाही तर रागावण्यासारखं त्यात काही नाही. त्या माणसाची शनिवारची संध्याकाळ महिन्यापूर्वीच भरलेली असते.

पहिल्याच भेटीत घरी बोलवायचं नसेल तर कामानंतर बाहेर बिअर किंवा कॉफीला नेणं हा मधला टप्पा आहे.

४. घरी जेवायला बोलावलंय. किती वाजता जायचं, काय न्यायचं?

सात म्हणजे सात. पाच-दहा मिनिटं उशीर खपतो, पंधरा मिनिटांच्या वर गेला तर मेसेज करा. लवकर मात्र जाऊ नका, यजमान अजून कांदा चिरत असतो. वाइनची बाटली, चॉकलेट किंवा फुलं चालतात. फुलं दाराशीच कागदातून काढून हातात द्यायची. लाल गुलाब प्रेमाच्या माणसासाठी, इतरांना दुसरी कुठलीही. आपल्या घरचा चिवडा किंवा चकलीचा डबा नेलात तर तो सगळ्यात आधी संपेल.

जोडे काढायचे का, हे दारातच विचारा. ग्लास टेकवताना एकेकाच्या डोळ्यांत बघायचं असतं. सगळ्यांचे ग्लास भरेपर्यंत घोट घेत नाहीत.

खरी गंमत जेवणात होते. यजमान विचारतो, 'अजून घेणार?' आपण सवयीने म्हणतो, 'नको नको, पुरे.' आपल्याकडे ही आग्रहाची सुरुवात असते, इथे भांडं सरळ स्वयंपाकघरात परत जातं आणि आपण अर्धपोटी उठतो. हवं असेल तर पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणा. हेच उलटं झालं की पाहुणा अडचणीत येतो: तुम्ही तिसऱ्यांदा पोळी वाढलीत तर संकोचून खाईल आणि पुढच्या वेळी यायला कचरेल.

५. वाढदिवसाला खर्च कोण करतं?

ज्याचा वाढदिवस तो. ऑफिसात केकही त्यानेच आणायचा असतो. बाहेर मोठ्या ग्रुपला जेवायला बोलावलं असेल तर बिल कोण देणार हे आमंत्रणातच लिहून टाका. आणि आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, ते अपशकुनी मानतात.

६. मराठी मंडळी कुठे भेटतील? आणि फक्त त्यांच्यातच राहिलं तर बिघडतं काय?

गणपती आणि दिवाळीचे कार्यक्रम होतात. त्यांची माहिती फेसबुक आणि व्हॉट्सॲप ग्रुपांवरून फिरते, त्यामुळे एका माणसाची ओळख झाली की बाकीच्यांची आपसूक होते. टिअरगार्टनजवळच्या भारतीय दूतावासात टागोर सेंटर आहे, तिथे नाच-गाण्याचे आणि चित्रपटांचे कार्यक्रम होत असतात.

आजारी पडल्यावर खिचडी घेऊन येणारी माणसं या मराठी मंडळींतच मिळतात, त्याला तोड नाही. बिघडतं ते दोन ठिकाणी. दर शनिवार-रविवार तिथेच गेला तर चार वर्षांनीही जर्मन प्रश्न २ मधल्या पातळीला पोचत नाही. दुसरं, वर्तुळ लहान आहे. तुम्ही कुणाबरोबर कॉफी प्यायलात ते सोमवारपर्यंत सांगलीत कळलेलं असू शकतं. डेटिंगची बातमी घरी तुमच्याच तोंडून जावी असं वाटत असेल तर ती या ग्रुपांपासून लांब ठेवा.

७. घरी पार्टी करायची आहे. शेजारी पोलिस बोलावतात हे खरं का?

बोलावतात. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाला बंदी असते. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी तर दिवसभर शांतता पाळायची असते, म्हणून भिंतीत ड्रिल मारणं रविवारी नको. मिक्सरवर चटणी करायला हरकत नाही, पण सकाळी सातला नको. पार्टीच्या तीन-चार दिवस आधी जिन्यात, टपालपेट्यांजवळ चिठ्ठी लावा: तारीख, साधारण किती वाजेपर्यंत, तुमचा फोन नंबर आणि 'त्रास झाला तर आधी मला फोन करा'. या चिठ्ठीने कायदेशीर परवानगी मिळत नाही, पण शेजारी पोलिसांआधी तुम्हाला फोन करतात. दहानंतर खिडक्या बंद, बाल्कनीतली मंडळी आत.

सामान शनिवारीच आणा. रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांतली काही सुपरमार्केट आणि कोपऱ्यावरची 'श्पेटी', म्हणजे रात्री उशिरापर्यंत चालणारी छोटी दुकानं तेवढी उघडी सापडतात. रिकाम्या बाटल्या फेकू नका. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट, साध्या काचेच्या बिअरच्या बाटलीवर ८ सेंट परत मिळतात.

८. डेटिंग ॲप कुठलं घ्यावं? मॅच होतात, पण पुढे काहीच सरकत नाही.

टिंडर, बंबल, हिंज आणि ओके-क्युपिड ही चार इथे सर्रास वापरली जातात. ज्यांना जरा गंभीर नातं हवं आहे ते साधारणपणे हिंजवर सापडतात. ॲप कुठलंही असो, प्रोफाइल कुठे अडतं ते ठरलेलं असतं: चारच्या चार फोटोंत गॉगल, ग्रुप फोटोत नेमके आपण कोण ते कळत नाही, आणि परिचयात 'प्रवास, सिनेमे, जेवण आवडतं'. हे सगळ्यांनाच आवडतं. एक फोटो चेहरा स्वच्छ दिसेल असा, एक पूर्ण उंचीचा, एक काहीतरी करताना. परिचयात दोन ओळी अशा लिहा की त्यावरून समोरच्याला प्रश्न सुचेल: 'रविवारी पुरणपोळी करतो, जर्मन लोकांना ती पॅनकेक वाटते.' 'काय शोधता' या रकान्यात खरं तेच लिहा. बर्लिनमध्ये तो रकाना लोक वाचतात. उंची, पगार आणि नोकरीचं पद लग्नाच्या बायोडेटासारखं मांडू नका. धर्म-जात विचारली तर समोरच्याला ती चौकशी वाटते.

मॅच झाल्यावर गप्पा तीन आठवडे लांबवल्या की उत्साह मरतो. आठवड्याभरात ठिकाण, वार आणि वेळ तिन्ही देऊन विचारा: 'गुरुवारी साडेसहाला कालव्यावर फिरायला येशील का?' उत्तर 'नाही जमणार' असं आलं आणि पर्यायी दिवस आला नाही, तर तो नकार आहे. पुन्हा एकदा विचारायला हरकत नाही, तिसऱ्यांदा नको (प्रश्न १२ पाहा).

९. पहिल्या भेटीला कुठे न्यावं?

चालता येईल आणि कधीही संपवता येईल अशा जागी. रेस्टॉरंटमधलं पूर्ण जेवण पहिल्या भेटीला जड होतं. गप्पा रंगल्या नाहीत तरी दीड तास बसून राहावं लागतं. लांडवेर कालव्याच्या काठाने मायबाखउफरला मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो, तिथे काहीतरी खात चालत राहायचं. टेम्पेलहोफर फेल्ड हा जुना विमानतळ २००८ साली बंद झाला आणि २०१० पासून मैदान म्हणून खुला आहे. धावपट्टीवर सायकली आणि पतंग दिसतात. मात्र तिथली फाटकं सूर्यास्ताला बंद होतात. डिसेंबरात सूर्यास्त चारच्या सुमारास होतो हे विसरून लोक संध्याकाळी सहाची भेट ठरवतात आणि कुलूपबंद फाटकासमोर उभे राहतात. थंडीत त्यापेक्षा नाताळचा बाजार बरा, नाहीतर साधी क्नाइप, म्हणजे कोपऱ्यावरचा बार.

१०. बिल कोणी द्यायचं?

वेटर विचारतो, 'त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट?', म्हणजे एकत्र की वेगळं. वेगळं म्हणणं इथे सहज आहे, त्यात कंजूषपणा नाही आणि नकारही नाही. तुम्ही द्यायचं ठरवलं तर एकदाच म्हणा. समोरच्याने 'नको, अर्धं-अर्धं' म्हटलं तर ओढाताण करू नका. टिप पाच ते दहा टक्के. ती टेबलावर ठेवत नाहीत, पैसे देताना टिप धरून एकूण रक्कम सांगतात: २७ चं बिल असेल तर 'तीस'. खिशात वीस-तीस युरो रोख असू द्या, कार्ड न घेणारे बार अजून आहेत.

११. चारदा भेटलो, सगळं छान चाललंय. आम्ही आता 'कपल' आहोत का?

विचारल्याशिवाय नाही. चार काय, दहा भेटींनंतरही समोरची व्यक्ती आणखी कुणाला भेटत असू शकते. तसं ठरलेलं नसेल तर त्याला फसवणूक म्हणत नाहीत. बर्लिनमध्ये मोकळी नाती आणि एकापेक्षा जास्त जोडीदार असणारी माणसं भरपूर भेटतील, आणि बहुतेक जण ते आधीच सांगतात. तुम्हाला ते नको असेल तर तेही इतक्याच सरळ सांगा. समोरची व्यक्ती तुमच्यासाठी बदलेल अशा आशेवर सहा महिने काढू नका.

प्रश्न साधा ठेवा: 'मी सध्या फक्त तुलाच भेटतोय. तुझं कसं आहे?' हे मेसेजवर न विचारता चालताना विचारलेलं बरं. उत्तर 'अजून माहीत नाही' असं आलं तर ते जसंच्या तसं घ्या, त्यात लाजून दिलेला होकार शोधू नका.

लग्नाचा विषय निघाला नाही म्हणजे नातं वरवरचं आहे असंही नसतं. एकत्र राहून, मुलं होऊनही लग्न न केलेली जोडपी इथे पुष्कळ आहेत. तुमच्या घरून 'पुढच्या वर्षीपर्यंत ठरवा' असा तगादा असेल तर तो दबाव काय असतो हे जोडीदाराला समजावून सांगावं लागेल. तो अंदाजाने कळणारा नाही.

१२. संमतीबाबत कायदा काय म्हणतो?

२०१६ च्या दुरुस्तीपासून जर्मनीत 'नाही म्हणजे नाही' हा कायदा आहे. समोरच्याची इच्छा नाही हे दिसत असताना केलेलं लैंगिक कृत्य गुन्हा ठरतं, प्रतिकार झाला होता का याने फरक पडत नाही. न मागता पाठवलेले नग्न फोटो हाही गुन्हा आहे. जोडीदाराचे खासगी फोटो दुसऱ्याला पाठवणं आणि नकारानंतर सतत पाठलाग करणं हेही तसंच. पुष्कळ क्लबमध्ये दारावर फोनच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात, ते काढू नका. बाहेर काढतील.

१३. मी दारू पीत नाही आणि शाकाहारी आहे. अडचण येते का?

शाकाहाराची अजिबात नाही, बर्लिनमध्ये व्हेगन जेवणाची रेलचेल आहे. दारूबद्दल एकदा 'मी पीत नाही' म्हटलं की पुरतं, कारण द्यावं लागत नाही. आपफेलशोर्ले, म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा रस, सगळीकडे मिळतो. 'आल्कोहोलफ्राय' लिहिलेल्या बिअरमध्ये अर्धा टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं. अजिबात नको असेल तर ०.० लिहिलेली बघून घ्या.

१४. मी एकटी राहते. डेटवरून रात्री परतताना काय काळजी घ्यावी?

शुक्रवारी आणि शनिवारी रात्री बहुतेक भुयारी रेल्वे रात्रभर धावतात. बाकीच्या दिवशी मध्यरात्रीनंतर रात्रीच्या बस घ्याव्या लागतात, त्यांचे थांबे आधी बघून ठेवा. पहिल्या दोन-तीन भेटी बाहेरच ठेवा, घराचा पत्ता देऊ नका आणि मैत्रिणीला लाइव्ह लोकेशन पाठवा. भेट अंगावर यायला लागली तर बारवाल्याला 'लुइझा इथे आहे का?' असं विचारा. पुष्कळ बारमधल्या कर्मचाऱ्यांना हा मदतीचा इशारा माहीत असतो. माहीत नसेल तर सरळ मदत मागा. पोलिस ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११२. स्त्रियांवरच्या हिंसेसाठी ११६ ०१६ ही हेल्पलाइन चोवीस तास, फुकट आणि नाव न सांगता वापरता येते.

१५. समोरचा माणूस खोटा आहे हे कसं ओळखावं?

भेट टाळतो, व्हिडिओ कॉलवर येत नाही, आठवड्याभरात प्रेम व्यक्त करतो आणि मग क्रिप्टोतल्या गुंतवणुकीचा किंवा अडकलेल्या पार्सलचा विषय काढतो. पैसे, गिफ्ट कार्ड, पासपोर्टचा किंवा व्हिसाचा फोटो यांतलं काहीही देऊ नका. तुमच्या नावाने बँक खातं उघडून 'वापरायला' मागितलं तर त्या खात्यावरच्या गुन्ह्याला तुम्ही जबाबदार धरले जाल.

१६. समलिंगी जोडप्यांसाठी बर्लिन कसं आहे?

शोनेबर्गमधला नोलेनडोर्फप्लात्सचा परिसर गेली शंभर वर्षं यासाठी ओळखला जातो. १ ऑक्टोबर २०१७ पासून जर्मनीत समलिंगी लग्न कायदेशीर आहे आणि जोडीदाराला निवासाचे तेच हक्क मिळतात. भारतात २०१८ साली कलम ३७७ मधला संमतीच्या संबंधांचा भाग रद्द झाला, पण ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही. म्हणून इथे झालेलं लग्न भारतातल्या कागदांवर चालेल असं गृहीत धरू नका. वारसा आणि मालमत्ता यांसाठी मृत्युपत्र वेगळं करा.

१७. भारतातल्या मैत्रिणीला किंवा मित्राला माझ्या व्हिसावर आणता येईल का?

लग्न झालेलं नसेल तर नाही. लिव्ह-इन जोडीदाराला कौटुंबिक व्हिसा मिळत नाही. तुमच्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना असेल तर नवऱ्याला किंवा बायकोला येण्याआधी जर्मनच्या परीक्षेची अट नाही. जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला मात्र ए-वन पातळी साधारणपणे लागते.

जोडीदार म्हणून आलेल्याचा निवास त्या लग्नावर टांगलेला असतो. जर्मनीत तीन वर्षं संसार झाल्यावर स्वतंत्र निवासाचा हक्क मिळतो. घरात मारहाण होत असेल तर ही तीन वर्षांची अट सोडली जाऊ शकते. 'घटस्फोट घेतला तर लगेच परत जावं लागेल' या धमकीपायी बायका सहन करत राहतात, त्याआधी सल्ला केंद्रात विचारून घ्या. सुरुवात प्रश्न १४ मधल्या हेल्पलाइनपासून करता येते.

१८. जर्मन जोडीदाराशी इथेच लग्न करायचंय. किती वेळ लागेल?

भारतीय कागदपत्रांमुळे बरेच महिने धरा. नोंदणी श्टांडेसआम्ट, म्हणजे नोंदणी कार्यालयात होते. जर्मनीला परदेशी व्यक्तीच्या देशाकडून 'हिला लग्न करायला आडकाठी नाही' असा ठराविक दाखला हवा असतो आणि भारत तो देत नाही. म्हणून त्या दाखल्यातून सूट मागावी लागते. बर्लिनमध्ये ती उच्च न्यायालय, म्हणजे कामरगेरिख्ट देतं. अर्ज नोंदणी कार्यालयामार्फतच जातो आणि मिळालेली सूट सहा महिने टिकते.

वेळ खाते ती कागदांची पडताळणी. जर्मनी भारताची अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का, मान्य करत नाही आणि जर्मन दूतावासांनी भारतीय कागद प्रमाणित करणं २००० सालापासून थांबवलं आहे. त्याऐवजी नोंदणी कार्यालय भारतातल्या जर्मन वकिलातीला तपासायला सांगतं आणि तिथून माणूस प्रत्यक्ष चौकशी करतो. खर्च तुमचा.

महाराष्ट्रातल्या कागदांत हमखास काय अडतं ते आधी बघा. जुन्या जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसतं, फक्त आईवडिलांचं असतं. पासपोर्टवर 'नाव-वडिलांचं नाव-आडनाव' आणि दाखल्यावर नुसतं नाव-आडनाव असतं. आईचं नाव कुठे माहेरचं, कुठे सासरचं. इंग्रजी स्पेलिंग एका जागी 'एस-एच', दुसऱ्या जागी नुसतं 'एस'. नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीतून हे दुरुस्त करून घेतल्यावरच अर्ज करा, कारण पडताळणी एकदा फसली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. अविवाहित असल्याचा कागदही लागेल. भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराचंच हवं. जर्मन समजत नसेल तर समारंभाला दुभाषी आणावा लागतो, मित्र चालेल का ते अधिकाऱ्याला आधी विचारा.

पुष्कळ जोडपी हे टाळून डेन्मार्कला जाऊन लग्न करतात. तिथे आधी ऑनलाइन अर्ज करून लग्नाला हरकत नसल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं असतं, ते चार महिने वैध असतं. दोघांचीही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, असण्याची परवानगी वैध हवी. आधीचा घटस्फोट असेल तर त्याचे कागद तिथेही लागतात. त्यातून सुटका नाही.

१९. आम्ही देवळात किंवा घरी सप्तपदी केली आहे. ते लग्न धरतात का?

जर्मनीत झालं असेल तर कायद्याने नाही. २००९ पासून नोंदणीआधी धार्मिक विधी करायला बंदी राहिलेली नाही, पण त्याने व्हिसा, कर किंवा वारसा यांतला कुठलाच हक्क मिळत नाही. भारतात सप्तपदी झाली असेल आणि लग्न तिथे नोंदवलेलं असेल तर तो दाखला चालतो, मात्र त्यालाही प्रश्न १८ मधली पडताळणी लागू शकते. अशा वेळी इथल्या अर्जात 'अविवाहित' लिहू नका. नोंदणी नसली तरी भारतीय कायद्याने तुमचं लग्न झालेलं असू शकतं आणि खोटं लिहिल्याचा ठपका पुढे निवासाच्या अर्जावर येतो.

२०. आईबाबा तीन महिन्यांसाठी येत आहेत. जोडीदाराला कसं भेटवू?

शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्यामुळे 'तीन महिने' मोजताना येण्याचा आणि जाण्याचा दिवसही धरा. भेट पहिल्या आठवड्यात नको, प्रवासाचा शीण आणि थंडी उतरू द्या. जोडीदाराला तीन गोष्टी आधी सांगा: आईबाबांना पहिल्या नावाने हाक मारायची नाही, काका-काकू म्हणायचं. ताटात थोडं-थोडं घ्यायचं, म्हणजे आग्रह झाला की घेता येतं (प्रश्न ४ उलटा लागू होतो). आणि पगार, घराचं भाडं, आईवडील काय करतात हे प्रश्न येणारच, त्यात आगाऊपणा नसतो. आईबाबांनाही सांगा की तो किंवा ती रात्री दहाला 'निघते' म्हणाली तर तिला खरंच निघायचं असतं, दारात अर्धा तास थांबवू नका. दोघं एकत्र राहत असाल तर ते विमानतळावर उघडकीला येऊ देऊ नका. तिकीट काढण्याआधी फोनवर सांगा.